थोरल्याचे पाच सेकंद

रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला दातांचे डॉक्टर जिना चढून वर आले ते काखेत एक पत्र्याचा डबा घेऊन, आणि नानांनी आधी त्या डब्याकडेच पाहिलं. डबा तसा साधाच, बुटांच्या खोक्याएवढा. पुढच्या बाजूला चार बटणं, मागे वायरी आवळायला पितळी स्क्रू. पण नाना काय समजायचं ते समजले.

"हे काय आणलंत?" त्यांनी विचारलं, होता होईल तेवढा आवाज साधा ठेवून.

"सिलेक्टर. आठवडाभर खपून स्वतः बनवलाय." डॉक्टरांनी डबा टेबलावर ठेवला. "चारही ॲम्प आधीपासून चालू राहणार. बटण दाबलं की स्पीकर याच्याकडून त्याच्याकडे. एक बंद करा, वायरी काढा, दुसऱ्याला लावा, चालू करा, या भानगडीत माणूस आधीचं ऐकलेलं विसरून जातो हो. आता कसं, एका क्षणात."

"वा," नाना म्हणाले. दुसरं काय म्हणणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती उघडायला माणूस घरी आला होता.

आता हे नाना कोण, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. नानांचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एक भिंग टाकायचं, काढायचं, दुसरं टाकायचं आणि विचारायचं, "हे बरं दिसतं, की हे?" चौतीस वर्षं हाच प्रश्न. असा माणूस घरी येऊन काय करणार? तेच करणार. मागच्या खोलीत त्यांचे नऊ ॲम्प्लिफायर होते. सगळे जपानी, सगळे पन्नासेक वर्षांपूर्वीचे. सान्सुई, पायोनियर, लक्समन अशी नावं कपाळावर मिरवणारे, पत्रा घासून लख्ख केलेले, आणि बटणं अशी घसघशीत की नुसती फिरवली तरी हाताला बरं वाटावं. एकेक उचलायचा म्हणजे कमरेची परीक्षा. कुठला बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेला, कुठला भंगारवाल्याच्या ताडपत्रीखालून. नानांनी त्यांना कंपनीच्या नावानं कधी हाक मारली नाही. रुपेरी, काळ्या, लाकडी, ठेंगू, अशी घरातल्या पोरांना ठेवावीत तशी नावं ठेवली होती.

आणि थोरला. तो दादाचा. नानांचा मोठा भाऊ जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. जपानच्या एका बंदरात त्यानं तो घेतला आणि अकरा आठवडे आपल्या बिछान्याशेजारी, घोंगडीत गुंडाळून, दोरीनं बांधून घरी आणला. शंभर व्होल्टवर चालणारा. भिंतीतल्या विजेला थेट लावला तर क्षणात खाक, म्हणून त्याच्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर दादानं स्वतः तार गुंडाळून बनवला होता. "धाकट्या, माझ्यापेक्षा तुझे कान बरे, तूच ठेव," असं म्हणून दादा परत जहाजावर गेला. ती त्याची शेवटची फेरी. नानांकडे दादाचा एक फोटो होता आणि घोंगडीसकट हा ॲम्प होता, बाकी काही नव्हतं.

दर रविवारी दोन मित्र यायचे, डॉक्टर आणि छापखानेवाले. खोलीच्या मधोमध दोरीवर एक जुनी चादर टांगलेली. अलीकडे स्पीकर आणि तीन खुर्च्या. पलीकडे नवातले निवडक चार ॲम्प आणि नानांची बायको, म्हणजे मित्रांच्या वहिनी. मीटर लावून सगळ्यांचा आवाज सारखा करून घेतलेला, कारण जो मोठा वाजतो तोच माणसाला गोड लागतो. तबकडी एकच, तुकडाही एकच: पियानो, आणि मागे झांजेवर हलकेच घासलेला ब्रश. वहिनी मनाला येईल तो ॲम्प लावणार, अलीकडच्यांनी ओळखायचा. डॉक्टर दहातले चार ओळखायचे, छापखानेवाले तीन. नाना दहाच्या दहा.

डॉक्टरांचं म्हणणं असं, की चांगले ॲम्प सगळे सारखेच वाजतात, बाकी मनाचे खेळ. मग नाना दहाच्या दहा कसे ओळखतात? हा प्रश्न दोन वर्षं डॉक्टरांच्या दातात कण अडकावा तसा अडकून बसला होता. मागच्या रविवारी त्यावरून वाद वाढला आणि नानांची जीभ घसरली.

"थोरला मी झोपेतसुद्धा ओळखेन," ते म्हणाले. "नाही ओळखला तर उचलून घेऊन जा."

"शब्द?" डॉक्टरांनी विचारलं. थोरल्यावर त्यांचा डोळा होताच.

"शब्द."

चादरीच्या कडेनं वहिनींनी तेव्हा नवऱ्याकडे पाहिलं होतं. नानांनी दुसरीकडे पाहिलं. माणसाला एक वेळ भूक आवरते, बढाई आवरत नाही.

खरी गोष्ट अशी होती, की नानांना ती झांज ऐकूच येत नव्हती. आधी त्यांना वाटलं, ॲम्प बिघडले. त्यांनी कपॅसिटर बदलले, स्पीकर उघडले, तबकडी साबणानं धुतली. मग एकदा वहिनींना ताप आला. काखेत थर्मामीटर लावून नाना शेजारी बसले, वाजायची वाट बघत. बसले ते बसलेच. "अहो, वाजला की केव्हाच," वहिनी म्हणाल्या. नानांनी तो पुन्हा चालू केला आणि स्वतःच्या कानाशी धरला. काही नाही. बोलणं ऐकू यायचं, दार वाजलेलं ऐकू यायचं, पण बारीक आवाजांचं सगळं गाव उठून गेलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. दादानं ज्या कानांवर विश्वासून थोरला दिला ते कान गेले, हे तोंडानं म्हणायचं कसं?

आणि तरी दहाच्या दहा. ते असं. या जुन्या ॲम्पना एक खोड असते. चालू केले की लगेच वाजत नाहीत. आत एक रिले असतो, तो दमानं सगळं ठीक आहे ना पाहतो आणि मग 'टक्' करून स्पीकर जोडतो. प्रत्येकाचा वेळ वेगळा. काळ्याचे तीन सेकंद, लाकडीचे चार, रुपेरीचे सात, थोरल्याचे पाच. ही टक् जाड आवाजाची, नानांना स्वच्छ ऐकू यायची. चादरीमागे वहिनींनी बटण दाबलं की नाना चपलेतल्या अंगठ्यानं मोजायला लागायचे. पाचावर टक् आली की मान मागे टाकायची, डोळे मिटायचे, अर्धा मिनिट संगीतात बुडाल्याचं सोंग करायचं आणि हळूच म्हणायचं, "थोरला." टक् डॉक्टरांनाही ऐकू यायची म्हणा, पण गाणं ऐकायला आलेला माणूस टक् कशाला मोजत बसेल?

यात वाईट काय, असं नाना स्वतःला विचारत आणि तिथेच विषय सोडत. कारण मागच्या वर्षी दुकानात एक बसड्रायव्हर आला होता. नजर चांगली असल्याच्या त्याच्या कागदावर नानांची सही हवी होती. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं त्यानं धडाधड म्हणून दाखवली, अगदी खालची ओळसुद्धा. नानांना संशय आला. त्यांनी तक्ता उलटा केला, मागे दुसरी अक्षरं होती. ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माहीत नाही." नानांनी त्याला असा झाडला, असा झाडला, की बाहेर बसलेली गिऱ्हाइकं उभी राहिली. "तक्ता पाठ केलास, रस्ता कसा पाठ करशील?" तो एवढंच म्हणाला, "काका, बस गेली की मी कोण?" नानांनी सही केली नाही, आणि बरोबरच केलं. पण ही गोष्ट त्यांनी या दोन मित्रांना तीनदा तरी रंगवून सांगितली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तर आता हा डबा. चारही ॲम्प आधीच चालू, म्हणजे रिले आधीच बसलेले. टक् नाही.

"दहा वेळा वाजवायचं," डॉक्टर वायरी आवळता आवळता सांगत होते. "दर वेळी नानांनी 'थोरला' किंवा 'नाही' म्हणायचं. आठ बरोबर आले तर मी हरलो. कुठला कधी लावायचा ते वहिनी ठरवतील, आणि वहीत लिहितील. मी इथे, नानांच्या शेजारी. कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले.  छापखानेवाले पाय पसरून बसले, अगदी सामना बघायला बसल्यासारखे. वहिनी वही-पेन्सिल घेऊन चादरीमागे डब्यापाशी गेल्या.

खट्. डब्याचं बटण दाबलं गेलं आणि लगेच पियानो सुरू झाला. नानांनी डावा कान पुढे केला. पियानो होता, पण नुसता पियानो. जिथे झांज असायची तिथे काही नव्हतं. हा थोरला की काळ्या की आणखी कोण, देव जाणे. डॉक्टर आपल्याकडेच बघताहेत हे नानांना मान न वळवता कळत होतं.

"थोरला," ते म्हणाले. अंदाजपंचे.

खट्. दुसरा. तोच पियानो, तसाच. "नाही," नाना म्हणाले. आठ बरोबर यायला हवेत आणि आपण नाणं उडवतो आहोत. दादाची घोंगडी कपाटावर आहे, ती काढावी लागणार, असा विचार त्यांच्या मनात आला.

खट्. तिसरा. सवयीनं अंगठा मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच.

टक्.

अगदी हलकी. लाकडावर लाकूड. पेन्सिल ठेवल्यासारखी. नाना दचकले. नुसती ठेवली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. "थोरला," ते म्हणाले.

खट्. चौथा. एक, दोन, तीन. टक्. काळ्याचे तीन. "नाही."

खट्. पाचवा. सहा झाले, काही नाही. सात. टक्. रुपेरी.

आता शंका उरली नाही. चादरीमागे त्यांची बायको पेन्सिलीनं त्यांना सेकंद मोजून देत होती. एकेकाचे, अगदी बरोबर. नानांना आधी हायसं वाटलं आणि त्याच्या पाठोपाठ अशी लाज वाटली की कानशिलं तापली. म्हणजे हिला माहीत होतं. दर रविवारी मागे बसून ही बघत होती की आपला नवरा गाणं ऐकत नाही, आकडे मोजतो, आणि मग मान मागे टाकून नाटक करतो. दोन वर्षं ही एका शब्दानं बोलली नाही.

"नाही," ते म्हणाले.

सहाव्या वेळी टक् झाल्यावर डॉक्टरांनी मान वर केली. "वहिनी, ती पेन्सिल जरा हळू ठेवता का? आवाज येतो."

नानांचा अंगठा चपलेत थांबला. चोराच्या मनात चांदणं.

"वहीत लिहायचं म्हणजे पेन्सिल उचलायची, ठेवायची, डॉक्टर," चादरीमागून वहिनी शांतपणे म्हणाल्या. "का दातांनी लिहू? मग तुमच्याकडेच यावं लागेल."

छापखानेवाले खो खो हसले. डॉक्टरही हसले आणि मागे टेकले. सातवा झाला, आठवा झाला. टक् येत राहिली, आता आणखी हलकी, पण येत राहिली. घोडामैदान जवळ आलं होतं आणि घोडं दुसऱ्याचं होतं.

आठव्यानंतर वहिनींनी सुई पुसायला तबकडी थांबवली. छापखानेवाल्यांनी आळस दिला. "बघा डॉक्टर, मी म्हणत होतो," ते म्हणाले. "कान असावा तर असा. मागच्या महिन्यात मी तो ॲम्प घेतला ना, तो यांच्या शब्दावरच. आमची बायको म्हणते, त्यातून सारखी फुसफुस येते, माझं डोकं दुखतं. मुलगी म्हणते, बाबा, बंद करा. मी म्हटलं, नानांनी तासभर कान लावून ऐकलाय. नानांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? दोघींना गप्प केलं."

तो तासभर नानांना आठवला. फुसफुस कसली, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. ते म्हणाले होते, "एकदम स्वच्छ. डोळे मिटून घ्या." आणि या भल्या माणसानं घरच्यांना गप्प बसवून तो रोज वाजवला होता. ड्रायव्हरला विचारलं होतं, रस्ता कसा पाठ करशील. नानांचा हा रस्ता होता, आणि त्यावर माणसं होती.

खट्. नववा.

एक, दोन, तीन, चार, पाच. टक्.

डॉक्टर वाट बघत होते. पियानो वाजत होता. नानांनी मान मागे टाकली नाही, डोळेही मिटले नाहीत.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

नाना उठले आणि त्यांनी चादर एका बाजूला ओढली. वहिनी थोरल्याशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. हातातलं घड्याळ काढून मांडीवर उलगडून ठेवलेलं, आणि थोरल्याच्या लाकडी कडेवर पेन्सिल टेकवलेली.

"तक्ता पाठ आहे, डॉक्टर," नाना म्हणाले. "अक्षर दिसत नाही."

ड्रायव्हरची गोष्ट दोघांनाही तोंडपाठ होती, त्यामुळे फोड करून सांगावं लागलं नाही. तरी नानांनी सांगितलं. थर्मामीटर, रिले, सेकंद, सगळं. उभ्यानंच, गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसं. वहिनींनी तबकडी बंद केली.

"आठातले सात बरोबर आले होते," त्या वहीत बघत म्हणाल्या. "आत्ताचं 'थोरला' म्हणाला असतात तर आठ होत होते."

 डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, जो नानांनीच बनवून दिलेला होता. "दोन वर्षं," ते म्हणाले, "दोन वर्षं मी समजत होतो माझेच कान गेलेत. मी तपासून आलो, नाना. दोनदा." त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

छापखानेवाल्यांनी खाली बघत विचारलं, "मग माझ्याकडची ती फुसफुस..."

"आहे," नाना म्हणाले. "तुमच्याकडच्या वहिनींना ऐकू येते म्हणजे आहे. मला ऐकू आली नाही. घरी जाऊन त्यांना आणि मुलीला सांगा, नाना खोटं बोलले."

त्यानंतर नानांनी स्टूल ओढलं, कपाटावरून दादाची घोंगडी काढली, थोरल्याच्या वायरी सोडल्या आणि त्याला गुंडाळायला लागले. "राहू द्या हो," डॉक्टर म्हणाले. नाना थांबले नाहीत. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. आता नको म्हणणं म्हणजे या माणसाला आणखी लहान करणं, एवढं त्यांना कळलं असावं. दोघांनी मिळून तो जिन्यानं खाली नेला, प्रत्येक पायरीवर थांबत. गाडीत ठेवल्यावर नानांनी ट्रान्सफॉर्मर डॉक्टरांच्या हातात दिला.

"शंभर व्होल्ट," ते म्हणाले. "याच्याशिवाय लावायचा नाही. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. शंभर."

"सांगतो."

"थेट लावला तर खाक होईल."

"नाना, कळलं मला," डॉक्टर म्हणाले, आणि गाडी गेली. वळणाशी ती दिसेनाशी झाली तरी नाना फाटकाला धरून उभे होते.

वर आले तर वहिनी चादर काढून घडी घालत होत्या.

"केव्हापासून?" नानांनी विचारलं.

"थर्मामीटर तुमच्या कानाशी दोनदा वाजला, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." त्यांनी घडी पोटाशी धरली. "आज नाही राहवलं. मोठ्या भाऊजींचा होता तो. मला कसा जाऊ देववेल?" आणि त्या रडल्या, थोड्या, उभ्याउभ्याच. नानांनी त्यांच्या हातातून चादर घेतली आणि कुठे ठेवायची ते न सुचून तशीच धरून ठेवली.

मंगळवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून नाना कान तपासायला गेले. वहिनी बाहेर बाकावर बसल्या. आत एक छोटी खोली, आतून जाड कापड लावलेली, आणि पुढे काच. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई यंत्रापुढे बसल्या. त्यांनी नानांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं.

"काका, बारीक आवाज येईल," त्या म्हणाल्या. "आला असं वाटलं की दाबायचं. घाई नाही."

नाना सरळ बसले. दार लागलं आणि आत एकदम सामसूम झाली. बाईंनी मान खाली घातली. आणि नानांच्या लक्षात आलं, की बाईंच्या मागे भिंतीवर काचेची तसबीर आहे आणि तिच्यात बाईंचा यंत्रावरचा उजवा हात स्वच्छ दिसतोय. बोट उचललं. बोट दाबलं. नानांचे डोळे चष्म्यासकट उत्तम होते. बोट पुन्हा उचललं गेलं, आणि नानांचा अंगठा आपसूक बटणावर आला.

त्यांनी अंगठा मागे घेतला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले.

मग ते वाट बघत बसले. बराच वेळ काहीच वाजलं नाही.